जिवाणूंचा रंग वाचताना

सूक्ष्मजीवशास्त्राच्या विद्यार्थ्याला आणि डीएमएलटी करणाऱ्याला ग्रॅम स्टेन अगदी सुरुवातीलाच शिकवतात. चार बाटल्या, तीन-चार मिनिटं आणि शेवटी जांभळं किंवा गुलाबी. परीक्षेत क्रम बरोबर लिहिला की मार्क मिळतात. नोकरीला लागल्यावर मात्र समोर पेशंटची स्लाइड येते, आणि तिच्यावरून डॉक्टर त्याच दिवशी कोणतं अँटिबायोटिक सुरू करायचं ते ठरवणार असतात. कल्चरचा रिपोर्ट हाती यायला दोन-तीन दिवस जातात. तोवर स्लाइडवर दिसलेला रंग हाच मोठा आधार असतो. हा लेख अशा स्लाइड करणाऱ्यांसाठी आणि करायला शिकणाऱ्यांसाठी आहे. बाटल्यांचा क्रम कुठल्याही मॅन्युअलमध्ये सापडेल, म्हणून मी त्याच्या आजूबाजूच्या गोष्टींवर जास्त लिहिणार आहे. निकाल खरा तिथेच ठरतो.

एक गोष्ट आधी पक्की करू. रंगावरून जिवाणूचा गट कळतो, नाव कळत नाही. रंग, आकार, पेशींची मांडणी आणि नमुना शरीराच्या कोणत्या भागातून आला, या चारही गोष्टी एकत्र ठेवल्या की नावाचा अंदाज बांधता येतो. नाव पक्कं करण्यासाठी कल्चर, जैवरासायनिक चाचण्या किंवा जनुकीय चाचणी लागते. स्टेनकडून त्याच्या आवाक्याबाहेरचं काही वदवून घेऊ नये.

१८८४ साली हान्स क्रिश्चियन ग्रॅम हे डॅनिश डॉक्टर बर्लिनमध्ये कार्ल फ्रीडलेंडर यांच्याबरोबर काम करत होते. न्यूमोनियानं दगावलेल्यांच्या फुफ्फुसांचे काप रंगवले की ऊतींमधली केंद्रकंही रंगायची आणि जिवाणू त्यांत हरवून जायचे. आधी जेन्शियन व्हायोलेट, मग आयोडिन आणि शेवटी अल्कोहोल वापरलं तर ऊतींचा रंग निघून जातो आणि जिवाणू तेवढे गडद उरतात, हे त्यांना दिसलं. काही जातींचे जिवाणू मात्र अल्कोहोलमध्ये रंग सोडायचे. पद्धत अजून अपुरी आहे, असं ग्रॅम यांनी स्वतःच लिहून ठेवलं. त्यांना जे अपुरं वाटलं, त्याच्याच आधारानं आज आपण जिवाणूंचे दोन मोठे गट पाडतो.

यामागचं कारण पेशीभित्तिकेत आहे. ग्रॅम पॉझिटिव्ह जिवाणूंमध्ये पेप्टिडोग्लायकनचा थर साधारण २० ते ८० नॅनोमीटर जाड असतो. क्रिस्टल व्हायोलेट आणि आयोडिन यांचं मोठं संयुग पेशीच्या आत तयार होतं. अल्कोहोलनं या थरातलं पाणी निघून तो आकसतो आणि संयुग आत अडकून राहतं. ग्रॅम निगेटिव्हमध्ये हाच थर १० नॅनोमीटरपेक्षाही पातळ असतो आणि त्याच्या बाहेर मेदयुक्त आवरण असतं. अल्कोहोल ते आवरण विरघळवतं, जांभळा रंग वाहून जातो आणि मोकळी झालेली पेशी सॅफ्रानिनचा गुलाबी रंग धरते. दोन गटांत फरक आहे तो रंग सोडायला लागणाऱ्या वेळाचा. अल्कोहोल खूप वेळ राहू दिलं तर जाड भित्तिकाही शेवटी रंग सोडते. हे एकदा मनात बसलं की आपला हात कुठे चुकतोय ते स्वतःचं स्वतःला शोधता येतं.

आता स्मिअरकडे येऊ, कारण निम्म्याहून जास्त काम इथेच होतं. स्लाइड तेलकट असेल तर पाण्याचा थेंब पसरत नाही, गोळा होऊन बसतो. नवीन डब्यातल्या स्लाइडही स्पिरिटनं पुसून, एकदा ज्योतीवरून फिरवून घ्याव्यात. कॉलनीतून स्मिअर करायचा असेल तर आधी लूपनं सलाइनचा छोटा थेंब ठेवा आणि कॉलनीला लूपचं टोक नुसतं टेकवा. शिकाऊ हात नेहमी जास्त उचलतो. थेंब दुधासारखा पांढरा झाला तर माल जास्त झाला. किंचित गढूळ दिसला की पुरे. जाड स्मिअरमध्ये जिवाणू एकमेकांवर थर करून बसतात. वरच्या थरातून रंग जातो, खालचे जांभळेच राहतात, आणि एकाच शुद्ध कल्चरमध्ये दोन प्रकार असल्यासारखं दिसतं. पू किंवा थुंकीचा स्मिअर जरा जाडसर होतोच. तिथे कडेचा पातळ भाग शोधून तिथली फील्ड वाचावीत.

स्मिअर आपोआप सुकू द्या. घाईनं ओला स्मिअर ज्योतीवर धरला तर पेशी फुटतात, आकार बिघडतात आणि काही भाग पुढे पाण्याबरोबर वाहून जातो. सुकल्यावर स्मिअरची बाजू वर ठेवून स्लाइड दोन-तीनदा ज्योतीतून न्या आणि मागची बाजू हाताच्या पाठीला लावून पाहा. चटका बसला तर जास्त तापली. थेट पेशंटच्या नमुन्यासाठी मिथेनॉलनं फिक्स करणं मला जास्त पसंत आहे, कारण त्यानं पूपेशी आणि जिवाणू दोन्ही शाबूत राहतात.

मग क्रिस्टल व्हायोलेट एक मिनिट, पाणी, आयोडिन एक मिनिट, पाणी. इथवर दहा-वीस सेकंद इकडेतिकडे झाली तरी बिघडत नाही. बिघडतं ते पुढच्या पायरीला. स्लाइड चिमट्यात तिरकी धरा आणि अल्कोहोल किंवा अॅसिटोन-अल्कोहोल वरच्या कडेकडून थेंबाथेंबानं सोडा. खाली गळणाऱ्या थेंबाकडे लक्ष ठेवा. पहिले थेंब गडद जांभळे असतात, मग फिके होतात. थेंब जवळजवळ रंगहीन झाला त्या क्षणी स्लाइड नळाखाली धरा, पाण्याची धार मंद ठेवा आणि ती थेट स्मिअरवर सोडू नका. घड्याळाकडे पाहून हे जमत नाही, कारण स्मिअरच्या जाडीप्रमाणे वेळ बदलतो. शिवाय द्रावकानुसारही तो बदलतो: नुसतं अॅसिटोन दोन-तीन सेकंदांत काम करतं, ९५ टक्के अल्कोहोलला त्याहून बराच जास्त वेळ लागतो. तुमच्या बाटलीत काय आहे हे लेबलवर वाचून मगच हात चालवा. शेवटी सॅफ्रानिन अर्धा ते एक मिनिट, पाणी, आणि ब्लॉटिंग पेपरनं न घासता टिपून घेणं.

पेशंटच्या स्लाइडवर आपलं काम तपासायची सोय स्लाइडवरच असते. पूपेशींची केंद्रकं गुलाबी-लालच दिसायला हवीत. ती जांभळी राहिली असतील तर रंग पुरेसा निघालेला नाही. अशा स्लाइडवरचे जांभळे दंडगोल ग्रॅम पॉझिटिव्ह म्हणून कळवू नका, स्लाइड नव्यानं करा. उलट, जास्त धुतलं गेलं की नाही हे पूपेशींवरून कळत नाही. त्यासाठी कंट्रोल लागतो: एकाच स्लाइडवर एका बाजूला स्टॅफिलोकोकस ऑरियस, दुसऱ्या बाजूला ई. कोलाय, दोन्ही २४ तासांच्या आतल्या कल्चरचे. स्टॅफिलोकोकस गुलाबी झाला तर हात जास्त चालला, ई. कोलाय जांभळा राहिला तर कमी.

कल्चरचं वय का महत्त्वाचं? जुन्या कल्चरमध्ये ग्रॅम पॉझिटिव्ह जिवाणूंच्या भित्तिका खराब व्हायला लागतात आणि त्या रंग धरून ठेवू शकत नाहीत. बॅसिलस आणि क्लॉस्ट्रिडियम यांत हे विशेष दिसतं. दोन दिवसांच्या प्लेटवरच्या बॅसिलसची स्लाइड गुलाबी-जांभळी मिश्र दिसली तर लगेच प्लेट दूषित झाली असं समजू नका, ताजं कल्चर लावून पुन्हा पाहा. याच्या उलट वागणारा अॅसिनेटोबॅक्टर. तो ग्रॅम निगेटिव्ह असूनही जांभळा रंग सहज सोडत नाही, आणि आखूड, जोडीजोडीनं दिसत असल्यामुळे कोकाय वाटू शकतो. ज्या पेशंटला आधीच पेनिसिलिन गटातलं औषध सुरू झालं आहे, त्याच्या नमुन्यातले जिवाणू लांबट, वेडेवाकडे आणि रंगानं अनिश्चित दिसतात, कारण हे औषध भित्तिकेवरच घाव घालतं. म्हणून फॉर्मवर 'अँटिबायोटिक चालू आहे का' हा रकाना रिकामा असेल तर वॉर्डमध्ये फोन करून विचारा.

कॉलनीबद्दल शंका उरली तर एक साधी चाचणी हाताशी ठेवा. स्लाइडवर ३ टक्के पोटॅशियम हायड्रॉक्साइडचा थेंब घ्या, त्यात भरपूर कॉलनी कालवा आणि लूप हळूहळू वर उचला. ग्रॅम निगेटिव्हची भित्तिका फुटते, आतला डीएनए बाहेर येऊन द्रव चिकट होतो आणि लूपबरोबर तार ओढली जाते. ग्रॅम पॉझिटिव्हमध्ये सहसा तार येत नाही. मिनिटभरात होणारी ही पडताळणी डगमगत्या स्टेनला चांगला आधार देते.

वाचताना आधी १०एक्स लेन्स लावा. हे टाळून थेट ऑइल इमर्शनवर जाणाऱ्याला नमुन्याचा दर्जा कळत नाही. कल्चरसाठी आलेल्या थुंकीत लो पॉवरच्या एका फील्डमध्ये १० पेक्षा कमी एपिथेलियल पेशी आणि २५ पेक्षा जास्त पूपेशी असतील तर नमुना छातीतून आलेला समजायचा. एपिथेलियल पेशींचाच सडा दिसला तर ती लाळ आहे. पुन्हा नमुना मागवा. क्षयाच्या तपासणीला मात्र ही चाळणी लावत नाहीत. मग ऑइल लावून १००एक्स, कंडेन्सर वर, डायफ्रॅम उघडा. धूसर, अंधारं फील्ड दिसलं तर दोष बहुतेक वेळा कंडेन्सरच्या उंचीचा असतो.

मांडणी रंगाइतकीच बोलकी असते. द्राक्षांच्या घोसासारखे जांभळे कोकाय स्टॅफिलोकोकसकडे बोट दाखवतात, साखळी स्ट्रेप्टोकोकसकडे. टोकाकडे निमुळत्या, भाल्याच्या पात्यासारख्या जोड्या थुंकीत किंवा मेंदूजलात दिसल्या तर न्यूमोकोकस. मेंदूजलात पूपेशींच्या आत गुलाबी जोड्या दिसल्या तर मेनिंगोकोकस मनात आणावा. मेंदूजलाच्या स्लाइडवर काहीही दिसलं तर रिपोर्ट टाइप होण्याची वाट पाहू नका, आधी डॉक्टरांना फोन करा.

काही जिवाणू ग्रॅमला दादच देत नाहीत. मायकोप्लाझ्माला भित्तिकाच नसते. सिफिलिसचा ट्रेपोनेमा इतका बारीक की साध्या सूक्ष्मदर्शकाखाली दिसत नाही, त्याला डार्क फील्ड लागतं. आणि क्षयाचे जिवाणू. त्यांच्या भित्तिकेत मायकोलिक आम्लाचा मेणचट थर असतो, पाण्यात विरघळलेला रंग त्यातून सहज आत जात नाही. रॉबर्ट कॉख यांनी २४ मार्च १८८२ रोजी क्षयाचा जिवाणू जाहीर केला, तेव्हा त्यांच्या पद्धतीत स्लाइड २४ तास रंगात ठेवावी लागत होती. त्यानंतर वर्ष-दीड वर्षात पॉल एर्लिख, फ्रान्झ झील आणि फ्रीडरिश नील्सन यांनी त्यात सुधारणा केल्या, आणि झील-नील्सन हे नाव रूढ झालं. फिनॉल आणि उष्णता रंगाला आत शिरायला मदत करतात. एकदा आत गेलेला रंग मग आम्लानंही निघत नाही, म्हणून हे अॅसिड फास्ट.

आपल्याकडच्या क्षयरोग केंद्रात काम करणाऱ्यांना ही पद्धत तोंडपाठ असते: कार्बोल फुक्सिन घालून वाफ निघेपर्यंत खालून गरम करायचं, उकळू द्यायचं नाही, पाच मिनिटं ठेवायचं, मग २५ टक्के सल्फ्युरिक आम्ल दोन ते चार मिनिटं, शेवटी मिथिलीन ब्लू अर्धं मिनिट. निळ्या पार्श्वभूमीवर लाल, बारीक, किंचित वाकलेल्या काड्या दिसतात. कुष्ठरोगाचा जिवाणू आम्लाला कमी टिकतो, म्हणून त्याच्यासाठी ५ टक्के आम्ल वापरतात. २५ टक्क्यांची बाटली चुकून उचलली तर पॉझिटिव्ह पेशंटची स्लाइड निगेटिव्ह जाऊ शकते.

इथेही खरं काम स्मिअरचं. बेडक्यातला पिवळसर, पूमिश्रित भाग निवडून घ्यायचा. खराट्याची स्वच्छ काडी तोडून तिच्या खरबरीत टोकानं तो उचलला तर नीट येतो आणि पसरतोही चांगला. तीन बाय दोन सेंटिमीटरचा लंबगोल स्मिअर करा. सुकलेली, न रंगवलेली स्लाइड वर्तमानपत्रावर धरा. खालची अक्षरं जेमतेम वाचता आली तर जाडी बरोबर. अक्षरं दिसतच नसतील तर स्मिअर धुताना सुटून येईल. अगदी स्वच्छ दिसत असतील तर जिवाणू सापडणं अवघड.

मोजणीचा नियम ठरलेला आहे. १०० फील्डमध्ये एकही नाही तर निगेटिव्ह; १ ते ९ असतील तर स्कँटी आणि नेमका आकडा लिहायचा; १० ते ९९ असतील तर १ प्लस. दर फील्डला १ ते १० दिसत असतील तर ५० फील्ड पाहून २ प्लस, आणि १० पेक्षा जास्त दिसत असतील तर २० फील्ड पाहून ३ प्लस. निगेटिव्ह लिहायला १०० फील्ड बघावीच लागतात. थुंकीच्या एका मिलिलिटरमध्ये साधारण ५,००० ते १०,००० जिवाणू असल्याशिवाय ते या पद्धतीत नजरेला पडत नाहीत, म्हणून वीस फील्ड पाहून सोडलेली स्लाइड ही पेशंटवर अन्यायच आहे.

सीबीनॅट आणि गोव्यातल्या मोलबायो कंपनीचं ट्रूनॅट या जनुकीय चाचण्या आल्यापासून सूक्ष्मदर्शकाचं काम संपलं, असं काही जण मानतात. निदानासाठी या चाचण्या सरस आहेतच. त्या कमी जिवाणूंतही पकडतात आणि रिफाम्पिसिनला दाद न देणारा क्षय ओळखतात. पण मेलेल्या जिवाणूंचा डीएनएही त्यांना दिसतो, म्हणून उपचार लागू पडतोय का हे पाहायला स्मिअर किंवा कल्चरच लागतं. आणि स्मिअर पॉझिटिव्ह म्हणजे 'अॅसिड फास्ट जिवाणू दिसले' एवढंच. क्षयेतर मायकोबॅक्टेरियाही असेच दिसतात. काही वेळा ते नळाच्या पाण्यातूनही येतात, म्हणून या स्टेनसाठी गाळलेलं किंवा डिस्टिल्ड पाणी वापरणं चांगलं.

खास कामाचे बाकीचे स्टेन थोडक्यात. घटसर्पाचा संशय असेल तर घशाच्या स्वॅबवर अल्बर्ट स्टेन करतात. हिरवट दंडगोल, त्यांच्या टोकांना निळसर-काळे कण, आणि एकमेकांशी कोन करून पडलेल्या पेशी. घशातले निरुपद्रवी डिफ्थेरॉइडही थोडेफार असे दिसतात आणि विष तयार होतंय का हे स्टेन सांगू शकत नाही, तेव्हा कल्चर आणि विषचाचणी हवीच. बीजाणूंसाठी मॅलाकाइट ग्रीन वाफेवर पाच मिनिटं द्यायचा, साध्या पाण्यानं धुवायचं आणि वर सॅफ्रानिन: बीजाणू हिरवे, पेशी लाल. त्यांची जागाही नोंदवा, मध्यावर की टोकाला. धनुर्वाताच्या क्लॉस्ट्रिडियमचा बीजाणू टोकाला गोल फुगतो. कवच पाहायला इंडिया इंक. इथे स्लाइड तापवू नका, कारण उष्णतेनं कवच आकसतं. याच पद्धतीनं मेंदूजलातली क्रिप्टोकोकस ही बुरशी ओळखतात, पण पांढऱ्या पेशीभोवतीही कधी फसवं वलय दिसतं, म्हणून कळी फुटलेली पेशी शोधा.

प्लेगच्या जिवाणूची गोष्ट मुंबईकरांना जवळची. १८९६ मध्ये मुंबईत प्लेग पसरला, वाल्डेमार हाफकिन यांनी तिथेच लस तयार केली आणि जानेवारी १८९७ मध्ये ती आधी स्वतःला टोचून घेतली. परळची हाफकिन संस्था त्यांच्याच नावानं उभी आहे. हा जिवाणू मिथिलीन ब्लू, वेसन किंवा गीम्सा स्टेनमध्ये दोन्ही टोकांना गडद आणि मध्ये फिका, सेफ्टी पिनसारखा दिसतो. १९९४ साली बीड जिल्ह्यातल्या मामला गावात आणि सुरतेत प्लेगचा संशय आला, तेव्हाही स्लाइडवर दिसलेली ही पिन पुरावा म्हणून पुरेशी नव्हती, कारण इतरही काही जिवाणू असेच रंगतात. अशी स्लाइड दिसली तर नमुना अधिक हाताळू नका, वरिष्ठांना कळवा आणि तो योग्य सुरक्षा असलेल्या प्रयोगशाळेकडे जाऊ द्या.

बाटल्यांकडे दुर्लक्ष नको. क्रिस्टल व्हायोलेट साचून राहिला की त्याचे कण बनतात आणि ते हुबेहूब जांभळ्या कोकायसारखे दिसतात. आठवड्यातून एकदा फिल्टर पेपरमधून गाळा. कण फोकस थोडा हलवला की वेगळ्या पातळीवर जातात आणि सगळे एकाच मापाचे नसतात, यावरून ते ओळखता येतात. आयोडिन गडद बाटलीत ठेवा. तपकिरी रंग फिका पडला तर फेकून द्या. क्षयाच्या स्लाइडवर तेल सोडताना ड्रॉपरचं टोक स्लाइडला लावू नका, एका पेशंटचे जिवाणू दुसऱ्याच्या स्लाइडवर जातात, आणि या स्लाइड धुऊन पुन्हा वापरायच्या नाहीत. कोकणात आणि गोव्यात पावसाळ्यात लेन्सवर बुरशी चढते. सूक्ष्मदर्शक सिलिका जेल किंवा बारीक बल्ब असलेल्या पेटीत ठेवणं तिथे गरजेचंच आहे. फिनॉल आणि सल्फ्युरिक आम्ल हाताळताना ग्लोव्ह आणि चष्मा सोडू नका. आम्लात पाणी कधीच ओतायचं नाही, पाण्यात आम्ल हळूहळू सोडायचं.

रिपोर्टमध्ये जे दिसलं तेच लिहा. 'ग्रॅम पॉझिटिव्ह कोकाय, घोसांत, पूपेशी भरपूर' असा रिपोर्ट डॉक्टरांच्या कामाचा असतो. त्याच स्लाइडवर 'स्टॅफिलोकोकस ऑरियस' लिहिलं तर तुम्ही न केलेल्या चाचणीचा निकाल दिलात. शंका असेल तर 'रंग अनिश्चित, कल्चरची वाट पाहावी' असं लिहायला संकोच नको.

कंट्रोल स्लाइड हे रोजचं काम आहे, नव्या बॅचपुरतं नव्हे. सकाळी पहिल्या पेशंटची स्लाइड हातात घेण्याआधी स्टॅफिलोकोकस आणि ई. कोलायची स्लाइड रंगवा, रंग बरोबर आले का पाहा, तारीख आणि सही घालून रजिस्टरमध्ये नोंद करा. ज्या दिवशी कंट्रोल चुकेल, त्या दिवशी बाटल्या बदलून तो बरोबर येईपर्यंत एकही रिपोर्ट बाहेर जाऊ देऊ नका.